जिनोआपर्यंत सरळ

नेदरलँड्समधल्या आमच्या गावाला, बेस्टला, खेटून जो हायवे जातो त्यावर मोठ्या लाल पाटीशेजारी एक लहानशी हिरवी पाटी असते. तिच्यावर लिहिलेलं असतं, ई २५. इथे राहायला आल्यावर पहिली काही वर्षं ती पाटी माझ्या लक्षातही आली नव्हती. नवऱ्याच्या आली होती. २०१३ च्या डिसेंबरमधल्या एका रविवारी त्यानं जेवणाच्या टेबलावरच्या ताटल्या उचलून सिंकमध्ये ठेवल्या आणि तिथे युरोपचा भला मोठा कागदी नकाशा पसरला. नकाशाची एक बाजू टेबलाखाली लोंबत होती. तिथे आमची साडेतीन वर्षांची मुलगी तंबूत बसल्यासारखी जाऊन बसली.

"हे बघ," तो म्हणाला. "आपण इथे. हा रस्ता पकडायचा आणि सोडायचाच नाही. मास्ट्रिख्ट, लिएज, लक्झेंबर्ग, स्ट्रासबुर्ग, बाझल, जिनिव्हा. मग आल्प्सच्या पोटातून बोगदा. पलीकडे उतरलं की इटली, जिनोआ. समुद्र."

"आणि शू कुठे करायची?" मी विचारलं.

"लिएजच्या आधी एकदा, नंतर एकदा," तो गंभीरपणे म्हणाला. त्यानं खरंच बघून ठेवलं होतं.

तो आइंडहोवनच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहायचा. तिथले त्याचे सगळे डच सहकारी उन्हाळा आला की गाडीच्या टपावर सामानाचा डबा बांधून दक्षिणेला निघून जायचे आणि भाजून लाल होऊन परत यायचे. त्याला तसं जायचं होतं. विमानानं गेलं की देश कळत नाही, म्हणायचा, जमीन हळूहळू उंच होताना बघायला पाहिजे. मला एवढं काही वाटत नव्हतं. पण मुलगी जूनमध्ये चार वर्षांची होणार होती, मग तिची शाळा सुरू होणार होती, आणि पाचव्या वर्षानंतर इथे शाळा सक्तीची. मधेच उठून सुट्टीवर जाता येत नाही. म्हणजे मे महिना हीच वेळ. गर्दी नाही, ऊन नाही. जानेवारीभर आमचं तेच बोलणं चाललं होतं. मुलीला गाडी लागते, त्यामुळे दिवसाला किती चालवायचं. राइस कुकर न्यायचा की नाही. मेतकूट आणि तूप असलं की ती कुठेही जेवते. स्वित्झर्लंडमध्ये काचेवर लावायचं टोलचं स्टिकर कुठे मिळतं. असं सगळं.

त्या दिवसांत तो जे करायचा ते आता मला वेगळं दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. टेबलाच्या कडेचा ग्लास त्याच्या हातानं पडायचा. मुलीचे लाकडी ठोकळे त्याच्या पायाखाली यायचे. ऑफिसातून सायकलनं येताना कालव्याकाठचा जवळचा रस्ता सोडून तो दिव्यांच्या मोठ्या रस्त्यानं वळसा घालून यायचा. मी त्याला धांदरट म्हणायचे. लग्नाआधीपासून म्हणत होते. त्याला ते नाव जणू लाडाचंच वाटायचं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी आम्ही तिघं गाडीनं ब्रेड आणायला निघालो होतो. स्वच्छ ऊन पडलं होतं. गावातल्या गोल चौकातून बाहेर पडताना समोरून एक म्हाताऱ्या बाई सायकलवरून आल्या, आणि मी "अरे!" म्हणून ओरडले. त्यानं ब्रेक दाबला. बाई पडल्या नाहीत. त्यांनी एक पाय जमिनीवर टेकवला, आमच्या बॉनेटवर हाताची चापट मारली, काहीतरी बोलल्या आणि निघून गेल्या.

"बाई रागावल्या," मुलगी मागून डचमध्ये म्हणाली.

"ती आली कुठून?" नवऱ्यानं विचारलं.

"समोरून आली. लांबून येत होती."

"नाही गं. एकदम आली."

मी त्याच्याकडे बघितलं. तो खोटं बोलत नव्हता. त्याचे हात स्टिअरिंगवर होते आणि चेहरा घाबरलेला होता. मागच्या गाडीनं हॉर्न दिला तेव्हा त्यानं गाडी हलवली.

चष्म्याच्या दुकानदारानं डोळे तपासले आणि फॅमिली डॉक्टरकडे पाठवलं, त्यांनी हॉस्पिटलमध्ये. तिथे एका अंधाऱ्या खोलीत त्याला एका पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवलं आणि हातात एक बटण दिलं. आत कुठेही प्रकाशाचा ठिपका दिसला की दाबायचं. मी मुलीला मांडीवर घेऊन मागे बसले होते. ठिपका जागा बदलायचा तेव्हा यंत्र बारीक घरघरायचं, मग बटणाचा टक असा आवाज. घरघर, टक. घरघर, टक. मग नुसतीच घरघर, घरघर, घरघर. मी वाट बघत होते. टक येतच नव्हता.

"पप्पा झोपला?" मुलीनं विचारलं.

डोळ्यांच्या डॉक्टर तरुण होत्या, आमच्यापेक्षाही लहान असतील. त्यांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली. मधोमध एक उजळ खिडकी होती आणि भोवतीनं काळं. हा आजार जन्मापासून असतो, त्या म्हणाल्या, बाहेरून आत येतो, हळूहळू. मेंदू कडेचं चित्र स्वतःच भरून काढत राहतो, म्हणून माणसाला बरीच वर्षं कळत नाही. औषध नाही. चष्मा नाही. ऑपरेशन नाही. हे त्यांनी एकापाठोपाठ एक, न चाचरता सांगितलं. इथे असंच सांगतात.

मग त्यांनी विचारलं, "आज इथे कसे आलात?"

"कारनं," नवरा म्हणाला.

"कोणी चालवली?"

"मी."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "परत जाताना तुम्हाला चालवता येणार नाही. आज नाही आणि यापुढेही नाही. लायसन्ससाठी जेवढं दिसावं लागतं त्याच्या निम्मंही तुम्हाला दिसत नाही." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही चालवता?"

मी नाही म्हणून मान हलवली. सांगलीत मी स्कूटी चालवायचे, पण ते त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता.

आम्ही पार्किंगमध्ये गेलो. त्यानं मागचं दार उघडून मुलीची टोपी आणि पाण्याची बाटली घेतली. दार लावलं, लॉक केलं, परत एकदा लॉक केलं. मग आम्ही बसस्टॉपवर जाऊन उभे राहिलो. मुलगी बसमध्ये फारशी बसली नव्हती, ती खूश झाली. बसमध्ये तिनं प्लेग्रुपमध्ये शिकवलेलं गाणं मोठ्यानं म्हटलं. पुढच्या सीटवरच्या आजीबाई वळून हसल्या, आणि नवराही तिच्याबरोबर टाळ्या वाजवत होता. मी खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्याच्या ऑफिसातला एक मराठी मित्र बायकोला घेऊन हॉस्पिटलमध्ये गेला आणि आमची गाडी आणून दारात लावली. दोघं चहाला थांबले. विषय कसा काढावा हे कोणालाच कळत नव्हतं. शेवटी मित्र म्हणाला, "मग मे महिन्याचं काय तुमचं?"

"जाणार ना," नवरा म्हणाला. "ही शिकेल."

मला त्यानं विचारलं नव्हतं. पण सगळे माझ्याकडे बघत होते, आणि बशीत चिवडा होता, मी तो सगळ्यांच्या पुढे केला.

त्या आठवड्यात आम्ही जळगावला सासऱ्यांना फोन केला, व्हिडिओवर. आजार घराण्यातून येतो असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. सासऱ्यांना आम्ही अण्णा म्हणतो. ते संध्याकाळनंतर स्कूटर काढत नसत, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. लग्नकार्याला कुठे गेले तरी दिवेलागणीच्या आत घरी. लोक त्यांना भित्रे समजायचे.

"अण्णा, तुम्हाला कडेचं दिसतं का?" नवऱ्यानं विचारलं.

"कडेचं म्हणजे?"

"म्हणजे समोर बघताना बाजूला काय चाललंय ते."

फोन त्यांनी फार जवळ धरला होता, आम्हाला त्यांचं नाक आणि एक डोळा दिसत होता. "बाजूचं बघायचं तर मान वळवावी लागते ना रे?" ते म्हणाले. "सगळ्यांनाच लागत असेल, असं मला वाटायचं."

सासूबाई मागून म्हणाल्या, "त्यांना काही झालेलं नाही. वय झालं आता." कोणी त्यांना काही समजावायला गेलं नाही.

मी शिकायला लागले. मे महिना गेला, ते उघडच होतं. लेखी परीक्षा पास व्हायलाच मला उन्हाळा उजाडला. रस्त्यावर रंगवलेले पांढरे त्रिकोण, त्यांना इथे शार्कचे दात म्हणतात, ते आपल्याकडे तोंड करून असले की आपण थांबायचं. एवढं सोपं. पण गाडीत बसलं की दात कोणाकडे आहेत तेच मला कळत नसे. माझ्या शिक्षिका साठीच्या पुढच्या होत्या, अस्सल ब्राबांटच्या, म्हणजे इथल्याच प्रांतातल्या, गाडीत सतत पेपरमिंट चघळायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, "तुम्ही कुठे बघताय?"

"रस्त्याकडे."

"रस्ता कुठे पळून जात नाही. सायकली बघा."

वळण्याआधी आरशात, मग खांद्यावरून मागे. जे आरशात दिसत नाही त्या जागेला इथे 'मेलेला कोपरा' म्हणतात. "मेलेला कोपरा!" त्या प्रत्येक वळणावर ओरडायच्या. घरी आल्यावर नवरा दारातच विचारायचा, "आज काय केलंस? हायवे घेतला का?" मी हायवेवर गेले असेन त्या दिवशी तो एकदम उठून नकाशा काढायचा. ऑक्टोबरच्या सुट्टीत जाऊ, म्हणायचा. तेव्हा बोगद्यापलीकडे ऊन असतं.

ऑक्टोबरच्या आधी मी नापास झाले. परीक्षक सभ्य माणूस होता. हायवेला लागायच्या पट्टीवर शेवटी जागा मिळेना म्हणून मी थांबले होते, अगदी थांबलेच होते. "तुम्ही फार काळजीनं चालवता," तो म्हणाला. "अडचण तीच आहे. जिथे कोणी थांबत नाही तिथे तुम्ही थांबता."

पुन्हा नापास झाले ती हिवाळ्यात. पावसात एक सायकलवाली मुलगी मला दिसली नव्हती. मला, दोन्ही डोळे धड असताना, दिसली नव्हती. घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा नवरा हसला. त्या वर्षात तो मोकळेपणानं हसलेला मला आठवतो तो तेवढाच. मग तो म्हणाला, "एप्रिलपर्यंत होईल तुझं," आणि मी बाथरूममध्ये जाऊन दार लावून घेतलं. मला शिकायचं नव्हतं. जिनोआही नको होतं. पण हे कोणत्या तोंडानं सांगायचं? त्याच्याकडे दुसरं काय होतं? ऑफिसात त्याला मोठा स्क्रीन दिला होता, नंतर तो मोठा स्क्रीनच नको झाला, कारण एका नजरेत मावेना. मग परत लहान. मीटिंगमध्ये कोणी बाजूनं हात पुढे केला की तो हात तसाच हवेत राहायचा. लोकांना तो शिष्ट वाटायला लागला होता. संध्याकाळी घरी येऊन तो नकाशा पसरून बसायचा. रस्त्यावर बोट ठेवून.

मुलीचा प्रश्न मीच काढला, हॉस्पिटलच्या आनुवंशिकतेच्या विभागात. समोर बसलेल्या बाईंनी आमच्याकडे पाणी आणि रुमालांचा डबा आधीच सरकवून ठेवला होता. वडिलांकडून नवऱ्याकडे आलंय, त्याच्याकडून मुलीकडे यायची शक्यता अर्धी आहे, त्या म्हणाल्या.

"मग तिची टेस्ट करा," मी म्हटलं.

"लहान मुलांची आम्ही करत नाही. उपाय असता तर केली असती. ती मोठी होईल, मग तिचं ती ठरवेल. जाणून न घेण्याचाही तिला हक्क आहे."

"मी आई आहे तिची."

"हो," त्या म्हणाल्या. आणि बस तेवढंच. त्या वाईट नव्हत्या. त्यांचं बरोबरच होतं, हे मला आजही वाटतं, आणि आजही मला त्यांचा राग येतो.

बाहेर पडताना नवरा म्हणाला, "अर्धी म्हणजे काय? एक डोळा?" मी त्याच्या दंडाला धरून त्याला जिन्याच्या पायऱ्या दाखवल्या. तेव्हा मी नुकतीच तसं करायला लागले होते.

त्यानंतर महिनाभरानं असेल, मी क्लासहून परत आले. हिवाळा, पाच वाजताच काळोख झालेला. घरात दिवाच नव्हता. मी दार उघडलं तर आतून मुलीचा हसण्याचा आवाज आला. पॅसेजमधला दिवा मालवून, पडदे ओढून, त्यानं तिचे लाकडी ठोकळे जमिनीवर पसरले होते. ती अंधारात धावत जाऊन एकेक उचलून आणत होती आणि तो भिंतीला टेकून बसला होता.

"खेळ चाललाय," तो म्हणाला. त्यानं मला ओळखलं ते पावलांच्या आवाजावरून.

"पप्पा, आता तू!" मुलगी म्हणाली.

तो गुडघ्यांवर आला आणि जमीन चाचपायला लागला. तिला ती गंमत वाटली. ती उड्या मारत बोट दाखवत होती, "दार, पप्पा, दार!" डचमध्ये दार म्हणजे तिथे. आमच्या घरात या शब्दावरून आम्ही पुष्कळ हसलो होतो, कारण ती 'दार' म्हणाली की आधी आम्ही दाराकडे बघायचो. आता शब्द त्याला बरोबर कळत होता. बोट दिसत नव्हतं. शेवटी तिनंच एकेक ठोकळा त्याच्या हातात आणून दिला.

मी दिवा लावला. ती झोपल्यावर तो म्हणाला, "तिला दिसतंय. सगळे ठोकळे सापडले तिला. तू बघितलंस ना?"

"तिच्या वयाचा होतास तेव्हा तुलाही सापडत असतील," मी म्हटलं.

नंतर त्यानं तो खेळ पुन्हा खेळला नाही, निदान मी असताना तरी नाही.

पुढच्या वसंतात मी पास झाले. शिक्षिकेनं मला मिठी मारली, पेपरमिंटचं अख्खं पाकीट दिलं. मुलगी जूनमध्ये पाच वर्षांची झाली, शाळेची सक्ती लागली, म्हणून आता शाळेच्या उन्हाळी सुट्टीतच, सगळ्या देशाबरोबर, निघायचं होतं. नवऱ्यानं टप्पे माझ्यासाठी लहान केले. पहिला मुक्काम लक्झेंबर्ग, दुसरा स्ट्रासबुर्गच्या अलीकडच्या एका कॅम्पवर. मित्रानं टपावरचा डबा बसवून दिला. कुकर, मेतकूट, मुलीसाठी उलटीच्या पिशव्या, गाडी बंद पडली तर रस्त्यावर घालायची तिघांची पिवळी जाकिटं. जीपीएसचा लहान स्क्रीन त्याला चटकन सापडत नसे, म्हणून त्यानं सगळी जंक्शनं पाठच केली होती. तो माझ्या बाजूला बसून सांगणार आणि मी चालवणार.

मास्ट्रिख्टपर्यंत छान गेलो. तो बरोबर सांगत होता. आता डावीकडे एक पूल येईल, तो यायचा. आता दोन लेन सोडून उजवीकडे राहा, मी राहायचे. एका क्षणी त्यानं माझ्या मांडीवर हात ठेवला आणि म्हणाला, "मस्त चालवतेस." मलाही वाटलं, जमेल.

लिएजमध्ये रस्ता शहराच्या पोटातून जातो. गाड्या तिन्ही बाजूंनी आल्या. "आता बोगदा," तो म्हणाला. "बोगदा संपला की लगेच फाटा आहे. उजवीकडची लेन नको, मधली." आम्ही आत शिरलो. बाहेर लख्ख ऊन होतं, आत पिवळे दिवे. मला दिसत होतं. तो मात्र एकदम ताठ बसला.

"संपला का?" त्यानं विचारलं.

"नाही."

"आता?"

"नाही रे. सांगते मी."

डावीकडून एक ट्रक आला, उजवीकडे दुसरा. "कुठल्या लेनमध्ये आहेस?" तो विचारत होता. "कुठली लेन? मला काहीच दिसत नाहीये." मागे मुलगी रडायला लागली. आम्ही बाहेर आलो तर ऊन समोरून डोळ्यांवर आलं. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकला, पाट्या माझ्या डोक्यावरून निघून गेल्या आणि मी ट्रकच्या मागे मागे भलत्याच फाट्याला लागले. मला थांबायचं होतं. जिथे कोणी थांबत नाही तिथे मला थांबायचं होतं. मी थांबले नाही, हॉर्न खात पुढे गेले आणि पहिला पेट्रोलपंप दिसला तिथे आत वळले.

मुलीनं सगळ्या सीटवर उलटी केली होती. मी तिला खाली उतरवलं, कपडे बदलले, सीट पुसली. नवरा गाडीजवळ उभा होता, छताला हात लावून, आणि पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सॉरी. मधली लेन सांगितली होती ना मी?" सांगितली होती.

आम्ही परत मूळ रस्त्याला लागलो. रस्ता चढायला लागला, दोन्ही बाजूंना बेल्जियममधलं, आर्देनचं गर्द जंगल. त्याला जे बघायचं होतं ते हेच, जमीन हळूहळू उंच होणं. पण तो काही बघत नव्हता. डोळे मिटून बसला होता. थोड्या वेळानं म्हणाला, "कुठेतरी थांब."

हायवेच्या कडेला झाडांखाली बाकं असलेली जागा होती. मी गाडी उभी केली.

"परत जाऊ," तो म्हणाला.

"लक्झेंबर्ग जवळ आलंय. आज तिथे राहू. उद्या बघू."

"पुढे किती बोगदे आहेत ते मला पाठ आहे," तो म्हणाला. "मोठा तर अजून यायचाच आहे. तू एकटी चालवणार. मी नुसता ओरडणार. आणि मागे ही." तो थांबला. "मला असं नव्हतं करायचं."

मी वाद घालायला हवा होता. पण मला एकदम इतकं हलकं वाटलं की मी तोंड दुसरीकडे वळवलं, त्याला दिसणार नव्हतं तरी.

मुलगी बाकावर चढून समोर बघत होती. झाडांच्या फटीतून पलीकडची टेकडी दिसत होती, खूप काही उंच नाही. पण आमच्याकडे सगळं सपाट. "हाच का डोंगर?" तिनं विचारलं. तिला वर्षभर आम्ही डोंगराचं सांगत होतो.

"हो," तो म्हणाला. "हाच."

आम्ही पोळी-भाजी खाल्ली. मग हायवे टाळून, गावागावांतून, बारीक रस्त्यांनी मी गाडी परत आणली. वाटेत त्यानं एकही वळण सांगितलं नाही. घरी पोहोचलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता, आणि आमच्या गल्लीत कोणीच नव्हतं. सगळे सुट्टीवर गेले होते.

सुट्टीनंतर शाळेत मुलांना गोल बसवून कोण कुठे गेलं ते सांगायला लावतात. तिनं डोंगर सांगितला. तिच्या बाई दारात मला म्हणाल्या, "किती छान! स्वित्झर्लंडला?" मी म्हटलं, "बेल्जियम." त्या जरा गोंधळल्या, आणि म्हणाल्या, "तेही छान असतं."

थंडी पडायच्या आधी आम्ही गाडी विकून टाकली. मी तिच्यात शाळा आणि किराणा यापलीकडे जात नव्हते, तेवढ्याला सायकल पुरते. नवरा तपासणीला गेला की स्क्रीनवरची ती काळ्यामधली उजळ खिडकी दर वेळी थोडी लहान झालेली असायची. डॉक्टर पूर्वीसारखंच न चाचरता सांगायच्या. एक माणूस घरी येऊन त्याला पांढरी काठी कशी धरायची ते शिकवून गेला. ती काठी दाराच्या कोपऱ्यात उभी राहायची, तो न घेताच बाहेर पडायचा आणि मी काही म्हणायचे नाही. कधी मित्र म्हणायचे, अरे, ट्रेननं जा, सुंदर ट्रेन जातात. आम्ही हो म्हणायचो. मुलगी पायरीवर अडखळली की आम्ही दोघं एकदम गप्प व्हायचो. मुलं अडखळतातच. ते आम्हाला माहीत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या डच जोडप्यानं दारात येऊन विचारलं, तुमची गाडीची जागा रिकामी असते, तर गाडीमागे ओढायचा आमचा कॅराव्हॅन दोन दिवस तिथे लावू का? सामान भरायला बरं पडेल. आम्ही म्हटलं, लावा. दोन दिवस तो पांढरा कॅराव्हॅन आमच्या खिडकीसमोर होता. मुलगी त्याच्या पायरीवर खेळायची. त्या माणसानं तिला आतली छोटी शेगडी दाखवली.

निघायच्या सकाळी नवरा बाहेर गेला, या वेळी काठी घेऊन. "कुठे जाताय?" त्यानं विचारलं.

"इटली," शेजारी म्हणाला.

"मग लिएज सकाळी नऊच्या आत पार करा. आणि बोगद्यातून बाहेर पडलात की मधली लेन. उजवी घेऊ नका, सगळे चुकतात." तो हातानं दाखवत होता. त्याला पुढचंही सगळं आठवत होतं, कुठे पेट्रोल भरायचं, कुठे लहान मुलांसाठी झोपाळे आहेत. शेजाऱ्याची मुलं कधीच मोठी होऊन घर सोडून गेली होती, आणि त्याच्या गाडीत जीपीएस होता. तरी तो थांबून ऐकत राहिला, मान हलवत. त्याची बायको गाडीत बसून होती. तिनं एकदा घड्याळ पाहिलं.

मग ते गेले. गल्लीच्या टोकाला कॅराव्हॅन डावीकडे वळला आणि दिसेनासा झाला. नवरा तसाच हात हलवत उभा होता.

"गेले ते," मी म्हटलं. "चल आत."

"हो," तो म्हणाला. "आवाज आला मला."